लाल बिन: नोकरी शोधतानाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

शुक्रवारी भोसरीतल्या आमच्या मशिनशॉपला कुलूप लागलं. काम कंपनीच्या दुसऱ्या युनिटला गेलं, माणसं घरी आली. नऊ वर्षं क्वालिटीत काढली की काही झालं तरी हात आधी कागदाकडे जातो. म्हणून ही वही.

प्रकल्प: नोकरी. हुद्दा: क्वालिटी इंजिनिअर, मशिनिंग. हद्द: भोसरी, चाकण, तळेगाव, अगदीच वेळ आली तर रांजणगाव. मुदत: सहा आठवडे. भांडवल: ग्रॅच्युइटी. तिचा हिशोब मीच केला. बेसिक १४,५०० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९ वर्षं, म्हणजे ७५,२८८ रुपये. नियमाने तीस दिवसांत हातात यायला हवेत.

एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, कंपनी, कोणाच्या ओळखीने, काय झालं, आणि शेवटचा रकाना 'कारण'. शॉपवर लाल बिनमध्ये, म्हणजे नापास मालाच्या डब्यात, कोणी टॅगशिवाय पीस टाकला की मी त्या ऑपरेटरला चहाच्या टपरीवरून परत बोलवायचो. पार्ट नंबर, ऑपरेशन, दोष, सही. टॅग नसेल तर तो पीस रिजेक्ट नाही, नुसता टाकून दिलेला. इथेही तोच नियम ठेवतोय.

१४ जून, शुक्रवार

पहिला इंटरव्ह्यू, चाकण. मोशीहून नऊला निघालो, चाकणच्या चौकातच पाऊण तास गेला. पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

क्वालिटी हेड पन्नाशीचे, कमी बोलणारे. बायोडाटा उलटा ठेवला, ड्रॉवरमधून एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, आणि व्यास मोजायचा व्हर्निअर काढून माझ्यापुढे सरकवला. "बाहेरचा व्यास सांगा. ड्रॉइंगला २४.९५ ते २५.०० आहे." मी जबडे लावले, उजेडाकडे धरून वाचलं, "२४.९६. ओके आहे." त्यांनी व्हर्निअर परत घेतला, जबडे मिटले आणि माझ्यासमोर धरला. मिटलेल्या जबड्यांवर शून्याऐवजी ०.०४ दिसत होतं.

"झिरो बघितला होता का?"

नव्हता बघितला. ०.०४ वजा करा, २४.९२. म्हणजे रिजेक्ट पीस मी त्यांच्यासमोर ओके करून दिला. नऊ वर्षं ट्रेनी पोरांना जी गोष्ट पहिल्या दिवशी सांगत आलो तीच. घाई, घाम, उपदेश करायची सवय, काय म्हणायचं ते म्हणा.

उठताना ते म्हणाले, "तुम्हाला काम येतं, ते तुमच्या हातावरून कळतं. पण आज नाही." तक्त्यात 'कारण' रकान्यात पहिली नोंद: झिरो एरर न तपासणे. इतकं स्वच्छ कारण पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

१९ जून, बुधवार

एका कन्सल्टन्सीचा फोन. "सर, तुमचं प्रोफाइल एका मोठ्या कंपनीत सिलेक्ट झालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार भरायचे." इंटरव्ह्यू न होताच सिलेक्ट झालेला मी पहिलाच असेन. फोन ठेवला. तक्त्यात 'कारण' असं लिहिलं: गिऱ्हाईक समजले.

३ जुलै, बुधवार

तीस अर्ज पुरे झाले. मेल आले चार, तेही सगळे एकाच वळणाचे: वुई रिग्रेट. बाकी शांतता. 'कारण' रकाना जवळपास रिकामा, आणि तोच मला जास्त टोचतोय. नाही म्हटलं याचं तितकं काही नाही.

फोनवर येणारे प्रश्न ठरलेले. बी.ई. की डिप्लोमा? डिप्लोमा म्हटलं की पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबतो. मग सध्याचा पगार किती, किती अपेक्षा, नोटीस पिरियड किती. नोटीस पिरियड शून्य म्हटलं की आवाज आणखी बदलतो. लगेच हजर होणारा माणूस हवा म्हणून जाहिरातीत लिहायचं, आणि असा माणूस मिळाला की त्याच्यात खोट शोधायची. एका मॅडमनी विचारलं, "नऊ वर्षं एकाच ठिकाणी? बदल का नाही केला?" मी म्हटलं, "बरं चाललं होतं." बहुतेक हेच उत्तर चुकलं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. उपवास. साबुदाणा खाऊन दोन अर्ज केले.

सहा आठवड्यांची मुदत परवाच संपली. शॉपवर प्रोजेक्ट लांबला की सुधारित तारीख देऊन वर कारण लिहावं लागतं. सुधारित तारीख टाकली: १५ ऑगस्ट. कारण नाही लिहिलं.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, पुण्यात पाणी शिरलं, शाळा बंद. भोसरीला तशीही गुरुवारची सुट्टी असते, पण माझा इंटरव्ह्यू तळेगावच्या बाजूला होता आणि त्यांनी सकाळी मेसेज टाकून तो पुढे ढकलला. पुढची तारीख दिली नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा दोन निळ्या टिका दिसल्या आणि तिथेच विषय संपला. तक्त्यात रंग कुठला द्यायचा कळेना. लाल द्यावं तर नाही असं कोणी म्हटलेलंच नाही. पिवळा दिला. पिवळा म्हणजे आमच्याकडे रिवर्क, दुरुस्त करून पुन्हा तपासायचा पीस.

११ ऑगस्ट, रविवार

मुलगी झोपल्यावर बसून सगळ्याचा पॅरेटो काढला, म्हणजे कुठल्या कारणाने किती अर्ज अडले याचा खांबांचा आलेख. एवढे दिवस का नाही काढला, याचं उत्तर मला माहीत आहे: आकडे बघायची हिंमत नव्हती.

आजवरचे अर्ज ७४. उत्तरच नाही किंवा नुसतं 'वुई रिग्रेट' ४९. फोनवरच कटलो ११, त्यातले ६ डिप्लोमामुळे, ३ पगारावर, २ कशामुळे माहीत नाही. इंटरव्ह्यू ठरून रद्द झाले किंवा पुढे ढकलले ५. टेक्निकलला अडकलो ६. टेक्निकल पार करून प्लांट हेड किंवा एचआरपर्यंत गेलो आणि मग सगळं गप्प, असे ३.

सगळ्यात उंच खांब 'उत्तर नाही'चा. शॉपवर असा खांब दिसला की आम्ही त्याची फोड करतो, कुठलं मशिन, कुठली शिफ्ट. इथे फोड केली ती अर्ज कुठल्या वाटेने गेला त्यावर. वेबसाइटवरून आणि मेलने गेलेले ६२, त्यातून फोन आले १६. ओळखीच्या माणसाच्या हातून गेलेले १२, त्यातून फोन आले ९.

अर्धा तास नुसता बघत बसलो. ओळखीने गेलेले फक्त १२ का? कारण कोणाला सांगायचीच लाज वाटत होती. जुन्या शॉपमधल्या अठरा जणांपैकी पाच जणांनाच ठाऊक आहे की मी अजून घरी आहे. हा दोष ना बाजाराचा ना डिप्लोमाचा. मूळ कारण शोधायला शॉपवर पाच वेळा 'का' विचारतात, इथे तेवढी गरज पडली नाही, दुसऱ्यालाच सापडलं.

सहा टेक्निकलचीही फोड केली. एक झिरो एरर. दोन ठिकाणी एफएमईएवर अडकलो, म्हणजे काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करायच्या तक्त्यावर. मी छाती काढून सांगत होतो की सिव्हिरिटी (दोष किती गंभीर) गुणिले ऑकरन्स (किती वेळा) गुणिले डिटेक्शन (पकडणं किती अवघड), हा गुणाकार म्हणजे आरपीएन, तो शंभराच्या वर गेला की ॲक्शन. समोरचा तरुण पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, ते आता ॲक्शन प्रायॉरिटी झालंय." खरं आहे. २०१९ च्या हँडबुकपासून आरपीएनच्या जागी हाय, मीडियम, लो असा तक्ता आला. आमच्या शॉपवर जुनाच फॉरमॅट चालू होता, कारण ऑडिटमध्ये कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुधारित तारीखही गेली. नवीन तारीख टाकत नाही.

सकाळी बाबांचा फोन. आमचं गाव तासगाव तालुक्यात, तीन एकर द्राक्षबाग. मी त्यांना इतके दिवस 'चाललंय' एवढंच सांगत होतो. आज सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग एकदम २०१० वर गेले. त्या वर्षी भारतातून युरोपात गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाटच्या अवशेषामुळे अडकली होती. गावात त्याला सगळे सीसीसी म्हणतात, वाढ रोखायला मारतात. आमचाही माल त्यात होता. मी तेव्हा डिप्लोमाला होतो, घरून पैसे यायचे थांबले तेवढं आठवतंय.

"आरं, पर रिपोर्ट तरी आला हुता की," बाबा म्हणाले. "कशानं माल माघारी आला ते कळलं, पुढच्या साली त्ये मारलंच न्हाई. तुला काय कळतंय का त्यांच्याकडनं?"

"न्हाई कळत."

"मग इचार की. तोंड हाय का न्हाई?"

२० ऑगस्ट, मंगळवार

दोन कामं झाली.

एक, पीएफ. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरलीच नव्हती. शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने उलटले की ती आपली आपल्याला टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. टाकली. एका एचआरने याच गोष्टीवरून 'तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतंय' म्हणून फाइल बाजूला ठेवली होती. हा टॅग दोन महिन्यांनी हाती लागला.

दोन, टेक्निकलला नापास झालेल्या सहा ठिकाणांपैकी पाच जणांना मेल केला. व्हर्निअरवाल्यांना नाही, त्यांचं कारण माझ्याकडे आहे. मेलमध्ये फिरवाफिरवी न करता लिहिलं: निवड झाली नाही याबद्दल तक्रार नाही, फक्त कुठे कमी पडलो ते एका ओळीत कळवलंत तर सुधारणा करता येईल. पाचपैकी एकाचं उत्तर आलं. एकच ओळ: "तुम्ही केलेलं काम कोणतं आणि टीमने केलेलं कोणतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही."

२१ ऑगस्ट, बुधवार

ती ओळ हिला दाखवली. ही लॅबमध्ये टेक्निशियन आहे, संध्याकाळी सातला येते. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "घ्या, मी मॅनेजर. तुम्ही सोडवलेली एक कस्टमर कम्प्लेंट सांगा."

मी सुरुवात केली. आमच्याकडे एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज निघत होता, कस्टमरकडून ३७ पीस परत आले, मग आम्ही बसलो, आम्ही डेटा काढला, आमच्या लक्षात आलं...

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"म्हणजे टीम."

"टीममध्ये डेटा कोणी काढला?"

"मी."

"रात्रपाळीला जाऊन कोण उभं राहिलं होतं? त्या आठवड्यात तीन रात्री तुम्ही घरी नव्हतात, मला आठवतंय."

मीच होतो. शिफ्ट बदलताना इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, बदललं जायचं आणि नव्या पात्याच्या मापाचा आकडा, म्हणजे टूल ऑफसेट, मशिनमध्ये टाकायचा राहून जायचा, हे मला रात्री सव्वाअकराला मशिनशेजारी उभं राहून दिसलं. ऑफसेटची नोंदवही मशिनला साखळीने मीच बांधली, पेन पळवतात म्हणून पेनसुद्धा. त्यानंतर त्या पार्टची तक्रार आली नाही.

पण 'मी केलं' म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्याकडे 'मी मी' करणाऱ्याला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. हिने तवा उतरवला आणि म्हणाली, "फुशारकी मारू नका, हजेरी द्या. कोण होतं तिथे, एवढंच."

रोज रात्री एक गोष्ट, असं ठरलं. मुलगीही ऐकते. तिला ऑफसेटची गोष्ट तोंडपाठ झालीय.

८ सप्टेंबर, रविवार

काल सोसायटीत गणपती बसले. आरतीनंतर प्रसाद घेताना तळमजल्यावरचे काका: "काय, सध्या सुट्टी का?" एरवी मी 'घरून काम' म्हणून सुटत आलोय. क्वालिटीवाला घरून काय तपासणार, हे काकांनी कधी विचारलं नाही. आज म्हटलं, "काका, नोकरी गेलीय. शोधतोय. कोणी असेल तर सांगा." काकांनी मोदक हातात ठेवला आणि दोन नंबर दिले. एक लागलाच नाही. दुसरा फॅब्रिकेशनवाल्याचा निघाला, वेल्डिंग इन्स्पेक्शनचा माणूस हवा होता. जमलं नाही. तक्त्यात टाकले मात्र दोन्ही.

जुन्या शॉपमधल्या उरलेल्या तेराही जणांना आज मेसेज केला. त्यातले चौघे माझ्यासारखेच घरी निघाले. तेही कोणाला बोलले नव्हते.

१८ सप्टेंबर, बुधवार

ऑफर आली, आणि मी नको म्हटलं.

थर्ड पार्टीच्या पेरोलवर, हातात १८ हजार, बारा तासांची शिफ्ट, 'सहा महिन्यांनी बघू'. शेवटचा पगार हातात ३१ हजार होता. त्यांच्या माणसाने हसत सांगितलं, "सध्या बाहेर काय हाल आहेत तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतं. कदाचित त्या हसण्यामुळेच नको म्हटलं असेल, पगारामुळे नाही. आता रात्री दीड वाजता नक्की सांगता येत नाही.

घरी वाद झाला. ही म्हणाली, आधी विचारायचं होतं. बरोबर आहे, विचारायला हवं होतं. फीचा दुसरा हप्ता ऑक्टोबरमध्ये आहे. ग्रॅच्युइटीतले १९ हजार उरलेत. पेट्रोल, प्रिंट, झेरॉक्स मिळून या प्रकल्पाने आजवर ११,४६० रुपये खाल्ले.

तक्त्यात पहिल्यांदाच मी टॅग लावणारा. कारण भरायला बसलो तर मलाही एका ओळीत लिहिता येईना. तेव्हा कुठे त्या गप्प बसणाऱ्या एचआरवाल्यांचा थोडा राग कमी झाला. थोडाच.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. घरच्या व्हर्निअरची पूजा केली. जबडे पुसले, तेलाचं बोट फिरवलं, झेंडू वाहिला. शून्य शून्यावर आहे, बघून घेतलं.

मग धीर करून चाकणच्या त्या व्हर्निअरवाल्या साहेबांना फोन लावला. जूनमध्ये कार्ड दिलं होतं त्यांनी.

"दसऱ्याच्या शुभेच्छा, सर. मी जूनमध्ये इंटरव्ह्यूला आलो होतो."

"कोण?"

नाव सांगितलं. शांतता. कुठली कंपनी ते सांगितलं. शांतता.

"सर, मी झिरो बघितला नव्हता."

"अरे हां! २४.९२." ते मोठ्याने हसले. "अजून शोधताय? आमची जागा तेव्हाच भरली. बायोडाटा परत पाठवा, बघतो."

'बघतो' हा शब्द तक्त्यात एव्हाना तीस-चाळीस वेळा आहे. तरी पाठवला. नवा, दोन पानी. पहिल्याच परिच्छेदात ३७ पीस, रात्रपाळी, ऑफसेटची वही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काही नाही. फराळाचं चाललंय. ११८ अर्ज.

चकल्या तुटत होत्या म्हणून हिने पिठात मोहन वाढवलं, तर त्या तेलात विरघळायला लागल्या. रूट कॉज तपासायला मला बोलावलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, असं सांगून स्वयंपाकघरातून बाहेर काढला गेलो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. केंद्राबाहेर रांगेत असतानाच अनोळखी नंबर. चाकण फेज २ मधली कंपनी, व्हर्निअरवाल्या साहेबांच्या प्लांटला पार्ट पुरवते. बायोडाटा त्यांच्याकडून आला म्हणाले. शुक्रवारी दहाला या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आठलाच पोचलो. दोन तास गेटसमोर चहा.

प्लांट हेड आणि क्वालिटी मॅनेजर. ऑफसेटची गोष्ट सांगितली, सगळी 'मी' लावून. मॅनेजरने मध्येच तोडलं, "वही लावली, पण भरतात हे कशावरून?" मी म्हटलं, पहिले पंधरा दिवस भरत नव्हते. मग मी रोज सकाळी वहीतला ऑफसेट आणि मशिनच्या स्क्रीनवरचा ऑफसेट ताडून बघायला लागलो, ऑपरेटरच्या समोर. तिसऱ्या आठवड्यापासून भरायला लागले. प्लांट हेडने पहिल्यांदा मान वर केली.

एफएमईएवर ॲक्शन प्रायॉरिटी सांगितली, आणि हेही सांगितलं की हे मी गेल्या दोन महिन्यांत घरी बसून शिकलो, प्रत्यक्ष वापरलेलं नाही. गेज आर अँड आरला, म्हणजे मोजमापातच किती फरक पडतो ते तपासायच्या चाचणीला, १० टक्क्यांच्या आत, ३० च्या वर, मधलं काय, सगळं नीट आलं. स्टॅबिलिटीवरचा, म्हणजे काळानुसार मोजमाप सरकतं का यावरचा, एक प्रश्न आला नाही. "आता नाही सांगता येत, वाचून सांगतो." घरी येऊन वाचलं आणि रात्री उत्तर मेल केलं. आगाऊपणा झाला का, माहीत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ऑफर लेटर. वर्षाला ४ लाख ४० हजार, आधीपेक्षा वीस हजार कमी. सहा महिने प्रोबेशन, कंपनीच्याच पेरोलवर. हिला आधी विचारलं, मग हो कळवलं.

बाबांना फोन केला. ते बागेत होते, फवारणी चालू होती, ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येईना. "लागली?" एवढं ऐकलं. "लागली!" मी ओरडलो. "बरं, मग ठिव आता, औषध संपायच्या आत हात फिरवून घेतो."

२ डिसेंबर, सोमवार

रुजू झालो. ओळखपत्रावरचा फोटो वाईट आलाय. कँटीनची आमटी बरी.

तक्ता बंद: अर्ज १३१, मुदत सहा आठवडे, लागले सव्वीस.

११ डिसेंबर, बुधवार

तक्ता बंद करून नऊ दिवस झाले होते, आज पुन्हा उघडावा लागला. दुपारी लाइनवर असताना फोन.

"सर, तळेगावहून बोलतेय. जुलैमध्ये तुमचा इंटरव्ह्यू पावसामुळे पुढे ढकलला होता. उद्या जमेल का?"

साडेचार महिने. मी कम्प्रेसरच्या आवाजापासून लांब जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, मी गेल्या सोमवारीच एका ठिकाणी रुजू झालोय. पण माझ्याबरोबर भोसरीला एक जण होता, सीएमएम, ते मापं घ्यायचं मशिन, चालवतो, प्रोग्रॅमसुद्धा स्वतः करतो. अजून घरी आहे. नंबर देऊ?"

"द्या."

नंबर दिला. मग त्याला फोन लावला, उद्या दहाची वेळ आहे म्हणून सांगितलं, आणि ठेवता ठेवता आठवलं म्हणून परत लावला.

"ऐक, काहीही मोजायला दिलं तर आधी झिरो बघ."